काळजात धस्स होते तेव्हा

जुलै महिना होता. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात जुलै म्हणजे रोवणीची घाई. कॉलेजातली निम्मी बाके रिकामी. कारण निम्मी मुले-मुली सकाळपासून बांधीतल्या चिखलात उतरलेली असतात आणि जमलेच तर दुपारी हातपाय धुऊन वर्गात येऊन बसतात. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला पावसावरची एक कविता शिकवीत होतो. बाहेर आभाळ काळेभोर झाले होते. मनात म्हटले, वा, आज निसर्गच आपल्या मदतीला धावून आला! तेवढ्यात लख्खकन वीज चमकली, पाठोपाठ असा काही कडकडाट झाला की खिडक्यांची तावदाने थरथरली, आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी किंचाळून बाकाखाली जाऊन बसली.

वर्ग हसला. मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होते. पण मास्तरकीची जीभ! मी म्हणालो, "अगं, पदवी घ्यायला निघालीस ना? ढगांना कसली भितेस? लहान पोर आहेस का?"

ती उठली नाही. दोन्ही कानांवर हात दाबून, गुडघ्यांत मान खुपसून ती थरथरत राहिली. तिच्या मैत्रिणीने माझ्याजवळ येऊन हळूच सांगितले, "सर, मागच्या रोवणीत तिच्या काकीवर वीज पडली. ही दोन हातांवर परे लावत होती."

वर्गातले हसू मावळले. मला पुढची ओळ सुचेना. घंटा झाल्यावर मी खाली मान घालून निघून गेलो. त्या दिवशी तिची माफी मागायला हवी होती. ती मागायचे धैर्य मला झाले नाही. गंमत पाहा, भित्री कोणाला म्हटले आणि भ्याला कोण!

मी मराठीचा मास्तर. मेंदूशी माझा संबंध उत्तरपत्रिका तपासताना तो शिणतो, एवढ्यापुरताच. पण तो प्रसंग मनातून जाईना. धडधाकट, हुशार मुलगी. छप्पर डोक्यावर आहे, भोवती माणसे आहेत, हे तिला दिसत नव्हते का? दिसत होते. मग तिच्या बुद्धीचे तिच्याच शरीराने का ऐकले नाही? या प्रश्नाच्या मागे लागून गेली काही वर्षे जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय भीतीचा आहे, म्हणून भिऊ नये!

भाषेला आधीच ठाऊक होते

प्रथम आमच्या प्रांतातले. भीतीसाठी मराठीत वाक्प्रचार किती आहेत ते पाहा. काळजात धस्स होते. पोटात गोळा येतो. तोंडचे पाणी पळते. अंगावर काटा उभा राहतो. हातपाय गार पडतात. दरदरून घाम फुटतो. बोबडी वळते. माणूस जागच्या जागी थिजतो. एक 'पाचावर धारण बसणे' तेवढे बाजारातून आले. धारण म्हणजे धान्याचा भाव. बाकीचे सगळे शरीरातले आहेत, आणि त्यांतला एकही डोक्यात घडत नाही! आपल्या आजी-पणजींनी भीती कधी डोक्यात शोधलीच नाही. काळजात, पोटात, घशात, हातापायांत शोधली.

वॉल्टर कॅनन हे अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ. भूक, वेदना, भीती आणि संताप यांनी शरीरात काय फरक पडतात, यावर त्यांनी १९१५ साली पुस्तक लिहिले. संकट दिसताच प्राण्याचे शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हा त्यांचा सिद्धान्त आता शाळेतल्या पुस्तकातही असतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येते. हृदय जोराने धावू लागते. हे काळजातले धस्स. पचनाचे काम मंदावते आणि तिकडचे रक्त स्नायूंकडे वळते. हा पोटातला गोळा. लाळ आटते, हे पळालेले तोंडचे पाणी. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात; हे गार पडलेले हातपाय. आपल्या वाक्प्रचारांनी जणू एका ओळीत एकेक लक्षण टिपून ठेवले आहे.

परंतु ही सगळी धावपळ करा, असा हुकूम देतो कोण? तो हुकूम मात्र डोक्यातून सुटतो.

बदामाएवढा चौकीदार

कानशिलाच्या आत, मेंदूच्या खोल भागात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी बदामाच्या आकाराची दोन केंद्रे आहेत. त्यांना अमिग्डला म्हणतात. ग्रीक भाषेत बदामाला हाच शब्द आहे. येणाऱ्या प्रत्येक खबरेत धोका आहे काय, एवढे हुंगत बसणे हे यांचे एक मोठे काम. घरादारावर रात्रंदिवस जागा असलेला चौकीदारच म्हणा.

हा चौकीदार काम कसे करतो, हे सांगायला गोंदियाइतके सोयीचे गाव नाही. आमचे स्टेशन हे मोठे जंक्शन. हावडा-मुंबईचा मोठा मार्ग येथून जातो. एक फाटा बालाघाट-जबलपूरकडे जातो, तर दुसरा बल्लारशाकडे. मेंदूतही थॅलॅमस नावाचे असेच एक जंक्शन आहे. डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली खबर तेथे येते आणि तेथून दोन गाड्या सुटतात. एक मेल: ती थेट अमिग्डलाकडे जाते. दुसरी पॅसेंजर: ती मेंदूच्या वरच्या, सुरकुत्यांच्या थरात जाते, तेथे खबरेची नीट छाननी होते आणि मग निकाल चौकीदाराला कळतो. मेल अर्थातच आधी पोचते. पण तिच्यात फार मोघम मजकूर असतो. 'काहीतरी लांब, वळवळते, पायाशी!' इतकाच. चौकीदार तेवढ्यावर शिट्टी फुंकतो आणि आपण उडी मारतो. नंतर पॅसेंजर येते आणि सांगते, 'अहो, ती दोरी आहे.'

रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्या वेदान्ताने शेकडो वर्षे सांगितला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून या दोन वाटा शोधल्या, आणि १९९६ साली सामान्य वाचकांसाठी त्यावर पुस्तकही लिहिले. दोरीला साप समजून उडी मारणारा एकदा हसे करून घेतो. सापाला दोरी समजणारा प्राणाला मुकतो. म्हणून निसर्गाने चौकीदाराला घाई करायची मुभा दिली आहे.

मग हा चौकीदारच नसता तर बरे झाले असते काय? तसेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एका बाईच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डला एका दुर्मीळ आजाराने निकामी झाल्या आहेत. वैद्यकाच्या वाङ्मयात तिचे नाव गुप्त ठेवून फक्त 'एस. एम.' म्हणतात. संशोधकांनी तिला सापांच्या दुकानात नेले, तर ती साप हातात घेऊन बसली. भुताटकीच्या खेळासाठी सजवलेल्या पडक्या दवाखान्यात नेले, तर ती पुढे होऊन इतरांना वाट दाखवू लागली. एकदा रात्री बागेत एका माणसाने तिच्या गळ्याला सुरी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती त्याच बागेतून चालत गेली. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचताना प्रथम कौतुक वाटते, मग काळजी वाटते. तिच्या आयुष्यात असे जिवावरचे प्रसंग वारंवार आले, कारण 'येथून निघ' असे सांगणारा आत कोणी नव्हता.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच बाईला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिचा जीव गुदमरला आणि ती भयंकर घाबरली! म्हणजे भीतीचे घर एकच नाही. बाहेरच्या धोक्याची दवंडी अमिग्डला पिटते. आतून श्वास कोंडला तर दुसऱ्या वाटा आहेत. लेडू यांनीही पुढे बजावून सांगितले की, अमिग्डला ही धोक्याची घंटा. 'मी घाबरलो' ही जाणीव घडवायला मेंदूचे पुष्कळ भाग एकत्र यावे लागतात.

तारीख नसलेली आठवण

आता त्या बाकाखालच्या मुलीकडे वळू. तिचा चौकीदार वीज चमकताच उठला यात नवल नाही. एक वर्षानंतर, पक्क्या छपराखाली, तो तितक्याच जोराने का ओरडला?

अमिग्डलाच्या शेजारीच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आकाराने तो समुद्रघोड्यासारखा आणि कामाने कारकुनासारखा. कोणती गोष्ट कोठे घडली, केव्हा घडली, आधी काय आणि नंतर काय, याची नोंद करण्यात त्याचा मोठा हात असतो. भीतीच्या क्षणी उसळलेले अ‍ॅड्रिनलिन आठवण खोल कोरायला मदत करते, म्हणूनच लग्नातले जेवण विसरलेला माणूस अपघाताची जागा विसरत नाही. पण फार मोठा आघात झाला की चौकीदाराची नोंद लखलखीत होते आणि कारकुनाची अर्धवट राहते, असे या विषयातले पुष्कळ तज्ज्ञ मानतात. प्रकाश, आवाज, ओल्या मातीचा वास, सारे जसेच्या तसे राहते. मात्र त्यावर 'हे मागच्या वर्षी झाले, संपले' असा शिक्का नीट बसत नाही. ती आठवण तारीख नसलेल्या पत्रासारखी होते. केव्हाही उघडली तरी आजचीच वाटते.

'दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे' ही म्हण आपण वापरतो, आणि 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' हीही वापरतो. माझ्या मते यांतली दुसरी हा टोमणा आहे. पहिली हे निदान आहे. पोळलेल्या तोंडाला दूध आणि ताक यांतला फरक चौकीदार करू देत नाही. वीज नसली तरी छायाचित्राचा झोत, गडगडाट नसला तरी ट्रकचा आवाज पुरतो.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेल्या सैनिकांची अशीच अवस्था डॉक्टरांनी पाहिली. चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरने १९१५ साली 'शेल शॉक' या नावाने तिची चर्चा केली. पुष्कळांना मात्र भित्रे ठरवले गेले. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराला अधिकृत नाव दिले. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात.

एका मुलीच्या बाबतीत जे झाले, ते एका रात्रीत गावेच्या गावे भोगतात तेव्हा काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती, माणसे दमून घरात निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. वाचलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यांत ठेवले. आणि ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, त्या दगडी घराचीच माणसांना धास्ती बसली. पुढे किती तरी जण रात्री छपराखाली निजायला तयार होत नव्हते. त्यांना घरबांधणीचे शास्त्र कळत नव्हते असे नाही. त्यांचा चौकीदार छताला 'साप' म्हणू लागला होता. वाचलेल्यांची एक लहानशी पाहणी १९९६ साली अमेरिकन मानसोपचारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य हे प्रमुख. भिंती पुन्हा बांधता येतात, आणि सरकारने गावे नव्याने वसवलीही. माणसाच्या आत जे पडले ते ढिगाऱ्यात दिसत नाही.

शहाणी भीती आणि दुखणाईत भीती

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक भीती हा आजार नव्हे. आमच्या जिल्ह्यात धानाच्या उघड्या बांधीत वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला रानात वाकलेल्या बाईला वाघाची भीती वाटली, तर तिला वेडी कोण म्हणेल? नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि वाघाला पाटी वाचता येत नाही. ही शहाणी भीती. तिच्यामुळे माणसे घोळक्याने रानात जातात, गडगडाट ऐकू येताच बांधीतून बाहेर पडून पक्क्या घरात शिरतात, झाडाखाली थांबत नाहीत. ती जपावी.

धोका टळून गेल्यावरही जी उतरत नाही, ती दुखणाईत भीती. तीच घटना पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येते किंवा स्वप्नात येते, त्या जागा, त्या गोष्टी माणूस टाळू लागतो, जरा खुट्ट झाले की दचकतो, झोप उडते, आपल्याच माणसांवर चिडतो, किंवा त्यांच्यापासून तुटल्यासारखा होतो. मोठ्या आघातानंतर पहिले काही दिवस असे बहुतेकांना होते, आणि घरच्यांच्या आधाराने पुष्कळांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही ओसरले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. 'काळ हेच औषध' म्हणून वर्षानुवर्षे बसू नये. झोप येत नाही म्हणून दारू जवळ करणे, हे तर घरावरचा चोर काढून दरोडेखोर ठेवण्यासारखे.

चौकीदाराची समजूत

'घाबरू नकोस' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पण हे वाक्य पॅसेंजरने जाते आणि भीती मेलने येते. चौकीदाराला शब्द फारसे कळत नाहीत. त्याला अनुभव कळतो.

रशियातले पावलॉव्ह आणि त्यांची कुत्री सर्वांना ठाऊक आहेत. खुणेबरोबर खाणे मिळत गेले की नुसत्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटे. पुढे खाणे न देता तीच खूण वारंवार केली की लाळ कमी होत जाई. पण काही काळ मध्ये गेला की ती पुन्हा सुटे! म्हणजे जुना धडा पुसला गेला नव्हता. त्याच्यावर नवा धडा लिहिला गेला होता. भीतीचेही तसेच. 'आवाज झाला आणि काही वाईट घडले नाही' हा नवा धडा गिरवताना कपाळामागचा मेंदूचा भाग घरातल्या वडीलधाऱ्यासारखा चौकीदाराच्या खांद्यावर हात ठेवू लागतो. आधुनिक उपचारांचा एक मोठा भाग यावरच उभा आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सोसवेल इतकेच, पायरीपायरीने त्या भीतीला सामोरे जायचे. त्या दिवसाची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची, म्हणजे पत्रावर तारीख पडते. काहींना औषधेही लागतात. मात्र 'भीती मोडायची' म्हणून कोणाला बळेच त्या प्रसंगात ढकलू नये. त्याने जुना धडाच पक्का होतो.

त्या मुलीला घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेले होते. बाधा झाली म्हणून दोन महिने उतारे झाले. मग तिच्या मोठ्या भावाने हट्टाने तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तेथे काय केले ते तिने पुढे मला सांगितले. मोबाइलमध्ये भरलेला ढगांचा आवाज, आधी अगदी बारीक, भावाला शेजारी बसवून. आठवड्या-आठवड्याने थोडा मोठा. शिवाय एक हिशेब शिकवला: वीज चमकली की आकडे मोजायचे, गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद जातील त्याला ३ ने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. आकडे मोजायला लागले की कपाळामागच्या वडीलधाऱ्याला काम मिळते.

हे ती सांगत होती तेव्हा मी एकदाची माफी मागितली. ती म्हणाली, "हसलात त्याचं काही नाही, सर. सगळेच हसले. पण त्यानंतर आभाळ भरलं की मी कॉलेजला यायचंच सोडलं होतं."

त्या सत्राचे हजेरीपत्रक माझ्याच हातचे होते. तिच्या नावापुढे मी फुलीमागून फुली मारीत गेलो होतो, आणि एकदाही खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिले नव्हते.

वाचकहो, आपल्या ओळखीत असे कोणी असेल. अपघातातून वाचलेला, पुरातून निघालेला, रात्री दचकून उठणारा. त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, बोलला तर ऐका, न बोलला तर खोदून विचारू नका. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा रुग्णालयांतून मानसोपचाराची सोय असते. जाण्याचा संकोच वाटत असेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.

गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी फराळाचा डबा घेऊन आमच्या घरी आली होती. बी. ए. एक वर्ष उशिरा झाली, पण झाली. चहा घेत आम्ही बोलत होतो, इतक्यात गल्लीतल्या पोरांनी दाराशीच सुतळी बॉम्ब लावला. ती दचकली. कप हिंदकळून चहा बशीत सांडला, थोडा साडीवर. मी तोंड उघडणार होतो. बरे झाले, उघडले नाही. आमच्या घरचे माणूस पदराने टेबल पुसत म्हणाले, "मीसुद्धा केवढी दचकले गं!"

तिने डोळे मिटून एक-दोन-तीन मोजले असावेत. मग हसली, आणि बशीतला चहा पिऊन टाकला.